रक्तदात्याची रेट्रोव्हायरस छाननी: मांडवातल्या प्रश्नांपासून चाचणीच्या निकालापर्यंत

शिबिर घेणाऱ्या मंडळाचा एक सवाल ठरलेला असतो. "रक्तपेढीत एचआयव्हीची टेस्ट होतेच ना, मग आमच्या पोरांना नको ते प्रश्न कशाला विचारता?" सवाल रास्त आहे आणि त्याचं उत्तर दिवसांच्या हिशेबात आहे. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपल्या आरएनएपासून डीएनए बनवून पेशीच्या डीएनएमध्ये शिरणारा विषाणू. संसर्ग झाल्यावर पहिला आठवडाभर तरी कोणतीच चाचणी एचआयव्ही पकडत नाही. नॅट ही चाचणी विषाणूचं आरएनए शोधते, तिला साधारण १० ते ११ दिवस लागतात. चौथ्या पिढीची एलायझा (प्लेटवर रंग उमटवून तपासणारी चाचणी) प्रतिपिंडांसोबत, म्हणजे शरीर संसर्गाविरुद्ध बनवतं त्या प्रथिनांसोबत, विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही बघते, ती १५ ते १८ दिवसांवर येते. फक्त प्रतिपिंडं बघणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या चाचणीला तीन आठवड्यांच्या आसपास थांबावं लागतं. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

मागच्या आठवड्यात संसर्ग झालेला माणूस आज खुर्चीवर बसला, तर त्याची पिशवी सगळ्या चाचण्यांतून निगेटिव्ह निघेल. तिच्यातून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले तर ती तीन रुग्णांपर्यंत जाईल. एचआयव्हीबाधित रक्त चढवलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणांना संसर्ग होतो. ही पिशवी अडवू शकतो तो फक्त दाता, तेही त्याला खरं बोलायची सोय आपण ठेवली असेल तरच. म्हणून पुढच्या मजकुरात यंत्रापेक्षा मांडवाला जास्त जागा दिली आहे. पेढीत नव्यानं लागलेले वैद्यकीय अधिकारी, तंत्रज्ञ, समुपदेशक आणि शिबिरांचे संयोजक यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत आढळला. १९८९ पासून दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. आज त्या यादीत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियाही आहेत. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद उभी राहिली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर बंदी आली. दाता निवडताना परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. नॅट देशभर सक्तीची नाही. ज्या पेढीला परवडते ती स्वतः करते किंवा नमुने मोठ्या केंद्राकडे पाठवते.

एचआयव्हीचे प्रकार दोन, एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२. दुसरा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला असला तरी भारतातही सापडलेला आहे. त्यामुळे किट दोन्ही पकडणारं आहे ना, हे खरेदीच्या वेळीच बघा.

शिबिर ठरवताना

मराठवाड्यात शिबिरांचे दिवस ठरलेले आहेत: १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिल, गणपती, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, आणि मधूनमधून नेत्यांचे वाढदिवस. त्या दिवशी 'बाटल्यांचा' आकडा फ्लेक्सवर जाहीर झालेला असतो. आकडा गाठायचा म्हटला की छाननी पातळ होते. म्हणून संयोजकांशी पहिली बोलणी याच विषयावर करा: नाकारलेला दाता मोजायचा नाही, त्याला हसायचं नाही, आणि त्यालाही प्रमाणपत्र द्यायचं. 'सहभागाबद्दल आभार' एवढाच मजकूर असलेलं एकच प्रमाणपत्र सगळ्यांना दिलं, तर कोण नाकारला गेला हे गावाला कळत नाही.

भेटवस्तूंबद्दल माझं मत कडक आहे. पैसे देणं तर बेकायदाच आहे. पण हेल्मेट, पाण्याचा जार, ट्रॅव्हल बॅग यांसाठी रांग लागली की 'खरं सांगितलं तर वस्तू जाईल' हा हिशेब डोक्यात सुरू होतो. काही द्यायचंच असेल तर छाननीत थांबलेल्यालाही तीच वस्तू द्या.

मांडवात प्रश्नोत्तरांसाठी आडोसा हवाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर असेल तर एक वर्ग मागून घ्या. उघड्यावर असेल तर कनात लावून टेबल वेगळं करा आणि ते मंडपाच्या स्पीकरपासून लांब ठेवा. ज्या टेबलामागे मंडळाचा अध्यक्ष उभा आहे, तिथे कुणीही पोरगा खरं बोलणार नाही. कनातीच्या आत वैद्यकीय अधिकारी किंवा समुपदेशक आणि दाता, एवढे दोघेच.

नोंदणी आणि शारीरिक तपासणी

हा भाग सगळ्यांना येतो, त्यामुळे भरभर. वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणाऱ्यासाठी ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो, ४५० मिलिलिटरची पिशवी घ्यायची तर ५५ किलोच्या वर. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त. दोन दानांत पुरुषांसाठी ९० दिवस, स्त्रियांसाठी १२० दिवस. उपाशीपोटी आलेल्याला आधी खायला लावा. श्रावणात आणि रमजानमध्ये हे मुद्दाम विचारावं लागतं.

ओळखपत्रावरचं नाव आणि मोबाईल नंबर नीट घ्या. पुढे निकाल सांगायला किंवा मागोवा घ्यायला हाच धागा असतो. शिबिरात घाईनं लिहिलेला नऊ आकडी नंबर नंतर काही कामाचा नसतो.

शारीरिक तपासणीत डोळे उघडे ठेवा. दंडावर, कोपराच्या खळग्यात सुयांच्या खुणा आहेत का? मानेत, काखेत गाठी लागतात का? काही आठवड्यांपासून ताप, जुलाब, रात्रीचा घाम, कारण नसताना उतरलेलं वजन अशी तक्रार असेल तर रक्त घेऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न: काय विचारायचं आणि कसं

छापील प्रश्नावली मराठीत असते आणि बहुतेक जण ती न वाचता सही करतात. सही म्हणजे उत्तर असं समजू नका. महत्त्वाचे प्रश्न तोंडी विचारा, आणि समोरच्याच्या भाषेत. संभाजीनगर, परभणी, नांदेडमध्ये दखनी उर्दू बोलणारे दाते भरपूर, तांड्यावर गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू. गोरमाटी बोलणारा एखादा कर्मचारी सोबत असला तर काम सोपं होतं. पण त्याच गावचा कार्यकर्ता दुभाषी म्हणून बसवू नका.

"तुमचे बाहेर संबंध आहेत का?" असा प्रश्न टाकला की उत्तर 'नाही' हेच येतं. आधी कारण सांगा, मग प्रश्न विचारा. मी साधारण असं बोलतो: "दादा, हे रक्त बाळंतिणीला जाईल, थॅलेसेमियाच्या लेकराला जाईल. नवीन संसर्ग असला तर आमच्या मशीनलाही सापडत नाही. म्हणून सगळ्यांनाच चार प्रश्न विचारतो. उत्तर तुमच्या-माझ्यातच राहील. 'आज नको' म्हणालात तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. बरेच जण त्याच वाक्यावर उठून जातात, आणि ते उठून जाणं म्हणजे छाननी यशस्वी झाली असं समजा.

मग प्रश्न. नवीन किंवा एकाहून अधिक जोडीदारांशी शरीरसंबंध आले का? पैसे देऊन किंवा घेऊन? जोडीदाराला एचआयव्ही, कावीळ किंवा गुप्तरोगाचं निदान झालं आहे का? नशेची सुई कधी टोचली का, एकदाच का होईना? गेल्या १२ महिन्यांत रक्त चढवलं, मोठं ऑपरेशन झालं, वापरलेली सुई चुकून टोचली? गोंदलं, टॅटू काढला, कान-नाक टोचलं? ही १२ महिन्यांची अट इकडे हसण्यावारी नेली जाते. पण माळेगावच्या यात्रेत किंवा कुठल्याही जत्रेत गोंदणाऱ्याची सुई किती हातांवरून फिरली ते कुणी मोजत नाही. 'हातावर आईचं नाव काढलंय, त्यात काय' असं म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षीची तारीख लिहून द्या.

एचआयव्ही टाळण्यासाठी संबंधांआधी किंवा नंतर घ्यायच्या गोळ्या, म्हणजे प्रेप आणि पेप, घेतल्या का हेही विचारा. या औषधांमुळे विषाणूचं प्रमाण दबतं, प्रतिपिंडं उशिरा येतात आणि चाचणी फसू शकते. उपचार घेणाऱ्या एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्तात विषाणू सापडत नसेल तर संबंधांतून संसर्ग पसरत नाही, हे खरं. पण रक्तदानाला ते लागू नाही. एका पिशवीत शेकडो मिलिलिटर रक्त थेट शिरेत जातं. अशा वेळी नॅट निगेटिव्ह आणि एलायझा रिअॅक्टिव्ह (संसर्गाची शंका दाखवणारी) येऊ शकते, म्हणून पेढीत नॅट सुरू झाली तरी एलायझा बंद करता येत नाही.

२०१७ च्या तत्त्वांत काही समूहांना, उदाहरणार्थ तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांना, कायमचं वगळलं आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. नियम पाळताना माणसाचा अपमान होता कामा नये. पेहरावावरून अंदाज बांधणं तर दोन्ही बाजूंनी घातक, कारण धोका वागणुकीत असतो आणि तो कडक इस्त्रीच्या शर्टातही असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दलही हेच. बीड, धाराशिव, जालन्याकडून माणसं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. त्याच सुमाराला १४ एप्रिलची शिबिरं येतात. 'ऊसतोड' ऐकून कुणाला नाकारू नका. ट्रकचालक असो, मजूर असो की बँकेतला साहेब, प्रश्न तेच आणि तितकेच.

बदली दात्याचं वेगळं प्रकरण

दवाखान्यात 'आधी रक्त आणा' म्हटलं की पाहुण्यांत फोन फिरतात. मेहुणा येतो, चुलतभाऊ येतो. सासऱ्यासमोर, दाजीसमोर 'मी देऊ शकत नाही' म्हणणं त्याला अशक्य होतं, म्हणून तो सगळ्या प्रश्नांना 'नाही' म्हणतो. रक्ताच्या नात्यातलं रक्त सुरक्षित, हा समज इथे सगळ्यात महाग पडतो. नियमित, स्वेच्छेनं देणारा दाता जास्त भरवशाचा.

अशा दात्यासाठी सुटकेची वाट ठेवा. कनातीतून बाहेर येऊन नातेवाइकांना एवढंच सांगा: "यांचं आज जमणार नाही, दुसरं कुणी असेल तर बघा." कारण विचारलं तरी तेच उत्तर. काही पेढ्या गुप्त वगळणीची चिठ्ठी वापरतात. दान झाल्यावर दाता 'माझं रक्त वापरा' किंवा 'वापरू नका' यावर खूण करून पेटीत टाकतो, चिठ्ठीवर नाव नाही, फक्त पिशवीचा क्रमांक. ज्यानं दबावाखाली रक्त दिलं त्याला ही शेवटची संधी. सोबत एक फोन नंबर द्या आणि सांगा, घरी गेल्यावर काही आठवलं, ताप आला, तर नुसता पिशवीचा क्रमांक कळवा.

आणखी एक मंडळी येते, फुकट टेस्टसाठी. मनात धास्ती असते, सरकारी केंद्रात जायची लाज असते, म्हणून रक्तदान. त्यांना रागावू नका. उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, चाचणी मोफत आणि गोपनीय होते, हे शिबिराच्या फलकावरच लिहा. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ आहे.

नमुना

नमुना दानाच्या वेळीच घ्या, पिशवीला जोडलेल्या छोट्या पाउचमधून. नळ्या आणि पिशवी यांना एकाच वेळी, दात्याच्या शेजारीच लेबल लावा. सगळ्या नळ्या गोळा करून टेबलावर बसून लेबलं लावणं म्हणजे अदलाबदलीला निमंत्रण. एलायझासाठी साधी नळी, रक्तगट आणि नॅटसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली किंवा पेढीनं ठरवलेली नळी.

एप्रिल-मेच्या उन्हात गाडीतला डबा तापतो. नमुने थंड पेटीत ठेवा, पण बर्फाच्या पॅकला चिकटवून नको. पेशी फुटतात आणि लालसर सीरम चाचणी बिघडवतं. साध्या नळीतलं रक्त पुरतं गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूज. अर्धवट गोठलेल्या नमुन्यातले फायब्रिनचे धागे खोटे रिअॅक्टिव्ह देतात. निकाल येईपर्यंत पिशव्या 'चाचणी बाकी' लिहिलेल्या वेगळ्या फ्रीजमध्ये. तपासलेल्या आणि न तपासलेल्या पिशव्या एकाच कप्प्यात कधीही नाहीत, जागा कमी असली तरी.

एलायझा

किट २ ते ८ अंशांवर राहतं. वापरण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड रसायनं घेऊन सुरू केलेली प्लेट हमखास दगा देते. एका लॉटचं कॉन्ज्युगेट (रंग आणणारं एन्झाइम जोडलेलं रसायन) दुसऱ्या लॉटच्या प्लेटला वापरू नका. मग नेहमीचा क्रम: नमुने आणि कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) भरणे, ३७ अंशांवर उबवणे, धुणे, कॉन्ज्युगेट, पुन्हा उबवणे, पुन्हा धुणे, सबस्ट्रेट (एन्झाइममुळे रंग बदलणारं रसायन), आम्ल घालून थांबवणे, आणि ४५० नॅनोमीटरवर वाचन. वेळा किटच्या पत्रकात दिलेल्याच, 'मागच्या किटला अर्धा तास होता' असं चालत नाही.

बहुतेक घोळ धुण्यात होतात. वॉशरची एखादी सुई तुंबली की एकाच ओळीत सगळ्या विहिरी (प्लेटवरचे खळगे) पिवळ्या दिसतात. अशी ओळ दिसली तर दात्यांवर शंका घेण्याआधी वॉशर उघडा. वीज गेली तर इनक्युबेटर किती वेळ बंद होता ते लिहा, आणि तापमान पत्रकातल्या मर्यादेबाहेर गेलं असेल तर प्लेट रद्द. इन्व्हर्टर फक्त फ्रीजला जोडलेला आणि इनक्युबेटरला काहीच आधार नाही, ही रचना बदलून घ्या.

निकाल वाचण्याआधी कंट्रोल बघा. किटचे कंट्रोल हद्दीत नसतील तर दात्यांचे आकडे वाचायचेच नाहीत. किटबाहेरचा एक कमकुवत रिअॅक्टिव्ह नमुना रोज चालवा आणि त्याचा आकडा आलेखावर मांडा. हा आकडा दिवसागणिक उतरत असेल तर किट खोटे निगेटिव्ह द्यायला लागण्याच्या वाटेवर आहे, आणि ते तुम्हाला आधी कळेल. कट-ऑफच्या (रिअॅक्टिव्ह ठरवणाऱ्या सीमेच्या) जरा खाली असलेले नमुनेही सोडू नका, करड्या पट्ट्यातले समजून पुन्हा करा.

रिअॅक्टिव्ह आला तर

पिशवीचा निर्णय सोपा आहे. राष्ट्रीय धोरणानुसार एका चाचणीत रिअॅक्टिव्ह आली की पिशवी आणि तिचे सगळे घटक बाद. दुसऱ्या किटवर निगेटिव्ह आली म्हणून ती परत फ्रीजमध्ये जात नाही. कुलूपबंद कप्प्यात वेगळी ठेवा, पेढीतच ऑटोक्लेव्ह करा, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून सामाईक प्रक्रिया केंद्राकडे द्या आणि नोंद ठेवा. नोंदी किमान पाच वर्षं.

दात्याचा निर्णय मात्र असा होत नाही. समजा दहा हजार दाते आहेत, त्यांतले दहा खरंच बाधित आहेत आणि किटची विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निगेटिव्हच दाखवण्याचं प्रमाण, ९९.५ टक्के आहे. दहा खरे सापडतील आणि जवळपास ५० निरोगी माणसंही रिअॅक्टिव्ह दिसतील. म्हणजे सहांपैकी पाच जणांना काहीच झालेलं नाही. अशा माणसाला फोनवर 'तुमचा एचआयव्ही पॉझिटिव्ह आला' सांगणं हे वैद्यकशास्त्रानंही चूक आणि माणुसकीनंही.

आधी नमुन्याची अदलाबदल नाही ना हे पिशवीच्या नळीतल्या रक्तावर पुन्हा चाचणी करून बघा. संमतिपत्रात दात्यानं निकाल कळवायला होकार दिला आहे का ते तपासा. मग फोन, आणि तो त्यानंच उचलला आहे याची खात्री करून: "रक्तपेढीतून बोलतोय, एका तपासणीसाठी सवडीनं येऊन जा." बायकोनं, वडिलांनी उचलला तर 'पुन्हा करतो' एवढंच. पत्र पाठवायचं तर पाकिटावर पेढीचं नाव नको. गावात पाकीट आधी चार हात फिरतं. तो आला की बंद खोलीत सांगा, ही प्राथमिक चाचणी आहे, पक्कं निदान आयसीटीसीत वेगवेगळ्या चाचण्यांनी होईल. संदर्भचिठ्ठी द्या आणि शक्य असेल तर तिथल्या समुपदेशकाची वेळ ठरवूनच पाठवा. त्याच्या संमतीशिवाय निकाल कुणालाही सांगणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं उल्लंघन आहे. या 'कुणालाही'मध्ये शिबिराचे संयोजकही येतात, त्यांनी कितीही आपुलकीनं विचारलं तरी.

एचटीएलव्ही: दुसरा रेट्रोव्हायरस

एचटीएलव्ही-१ हा माणसात सापडलेला पहिला रेट्रोव्हायरस, १९८० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटं, दक्षिण अमेरिका, आफ्रिकेचा काही भाग आणि इराणमधला मशहदचा परिसर इथे तो जास्त आढळतो. बहुतेक बाधितांना आयुष्यभर काही होत नाही. थोड्यांना अनेक वर्षांनी एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग किंवा पायांची ताकद घेणारा मज्जारज्जूचा आजार होतो. जपाननं १९८६ मध्ये आणि अमेरिकेनं १९८८ मध्ये दात्यांची चाचणी सुरू केली. भारतात ती सक्तीची नाही.

त्याचा स्वभाव एचआयव्हीपेक्षा वेगळा आहे. तो पांढऱ्या पेशींत दडून राहतो, मोकळा विषाणू प्लाझ्मात जवळजवळ नसतो. म्हणून प्लाझ्मातून तो पसरत नाही, आणि प्लाझ्मातलं आरएनए शोधणाऱ्या चाचणीचा त्याच्यावर उपयोग नाही. प्रतिपिंडांची चाचणी, मग वेस्टर्न ब्लॉटसारखी खात्रीची चाचणी, आणि गरज पडली तर पेशींतल्या डीएनएवर पीसीआर, हा त्याचा मार्ग. आपल्याकडे व्यवहारात करण्यासारखी गोष्ट म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढणं. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना फिल्टर केलेल्याच लाल पेशी द्या. धोका पुरता जात नाही, पण बराच घटतो, आणि रक्त चढवताना येणारा तापही कमी होतो.

इंटरनेटवर वाचून कुणीतरी एक्सएमआरव्हीबद्दल विचारतं. २००९ मध्ये एका शोधनिबंधानं उंदरांशी नातं असलेल्या या रेट्रोव्हायरसचा संबंध दीर्घकालीन थकव्याच्या आजाराशी जोडला, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी अशा रुग्णांचं रक्त घेणं थांबवलं. पुढे ते प्रयोगशाळेतलं प्रदूषण निघालं, २०११ मध्ये निबंध मागे घेतला गेला. त्यासाठी कोणतीही चाचणी लागत नाही.

मागोवा

नियमित दाता या वेळी रिअॅक्टिव्ह आला आणि आयसीटीसीत संसर्ग पक्का झाला, तर त्याचं मागचं दान विंडो पिरियडमधलं असू शकतं. त्याच दिवशी रजिस्टर काढा. मागच्या दानाची तारीख, पिशवीचा क्रमांक, त्यातून झालेले घटक, ते कुठे गेले. प्लाझ्मा उणे ३० अंशांवर वर्षभर टिकतो, त्यामुळे जुन्या दानाचा प्लाझ्मा अजून तुमच्याच डीप फ्रीजरमध्ये किंवा तालुक्याच्या साठवण केंद्रात असण्याची शक्यता बरीच. तो आधी ताब्यात घ्या. जे घटक चढवले गेले, त्या रुग्णालयांच्या रक्त संक्रमण समितीला लेखी कळवा, रुग्णाची चाचणी आणि समुपदेशन त्यांच्या डॉक्टरांमार्फत करून घ्या. दात्याचं नाव त्या पत्रात नको, पिशवीचा क्रमांक पुरतो. पत्राची पोच फायलीला लावा आणि उत्तर आलं नाही तर आठवड्याभरात पुन्हा फोन करा.